कुलाब्याची सुई का घसरली?

२ सप्टेंबर १८५९. मुंबईतली शुक्रवारची सकाळ. कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेले चुंबक होते, आणि ते किती हलतात हे ठरावीक वेळाने डोळ्यांनी पाहून वहीत लिहिणं हे तिथल्या माणसांचं रोजचं काम होतं. १८४० च्या दशकापासून ते चालू होतं. त्या सकाळी मात्र चुंबक थाऱ्यावर नव्हते. होकायंत्राच्या सुईला उत्तरेकडे धरून ठेवणारं जे आडवं चुंबकीय क्षेत्र असतं, ते अकराच्या सुमारास तब्बल १,६०० नॅनोटेस्लाने घसरलं. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं बळ मोजायचं एकक. मुंबईत या क्षेत्राचं नेहमीचं बळ ३५ ते ४० हजार नॅनोटेस्लाच्या दरम्यान असतं. म्हणजे जवळजवळ ४ टक्के ओढ थोड्या वेळात नाहीशी झाली. पृथ्वी तीच, तिच्या पोटातलं वितळलेलं लोखंड तेच, वेधशाळेतले चुंबकही तेच. मग ओढ गेली कुठे?

या वादळाच्या साधारण साडेसतरा तास आधी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेली सूर्याची प्रतिमा रेखाटत बसले होते. सौरडागांच्या एका मोठ्या समूहावर त्यांना अचानक पांढरा लखलखाट दिसला आणि काही मिनिटांत विझला. सूर्यावरचा तो स्फोट आणि कुलाब्याची घसरलेली सुई यांच्यामध्ये १५ कोटी किलोमीटर अंतर आहे. या दोन टोकांच्या मधे नेमकं काय घडतं, तेच मला इथे सांगायचं आहे. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात यातलं एकच चित्र असतं: पृथ्वीभोवती चुंबकीय ढाल आहे, सूर्याचे कण तिच्यावर आपटून बाजूला जातात, आणि थोडेफार ध्रुवांकडून आत शिरून आकाशात रंग उधळतात. हे चित्र पूर्ण खोटं नाही, पण त्यावरून कुलाब्याच्या सुईचं कोडं सुटत नाही. ढालीवर काही आपटलं म्हणून ढालीमागे दूरवर टांगलेला चुंबक ढळेल कशाला?

आधी कण कोणते ते पाहू. सूर्याचं बाहेरचं वातावरण, म्हणजे किरीट, दहा लाख अंशांहून जास्त तापलेलं असतं. एवढ्या उष्णतेत अणू अखंड राहत नाहीत. इलेक्ट्रॉन वेगळे होतात आणि उरतात प्रोटॉन आणि काही जड केंद्रकं. हे सगळं सूर्याच्या गुरुत्वाकर्षणालाही न जुमानता सतत बाहेर वाहत असतं. हाच सौरवारा. १९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी तो असलाच पाहिजे असं गणिताने दाखवलं, आणि काही वर्षांत अवकाशयानांनी तो मोजलाही. पृथ्वीपाशी त्याचा वेग एरवी सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सूर्यापासून इथवर यायला चारेक दिवस लागतात. तो अतिशय विरळ असतो, एका घनसेंटिमीटरमध्ये पाच-सहा प्रोटॉन. एवढी विरळ पोकळी आपल्या कुठल्याही पंपाला साधत नाही. पण कधी कधी किरीटातून अब्जावधी टनांचा चुंबकीय ढगच सुटतो. १८५९ चा ढग असाच होता. साडेसतरा तासांत पोचला म्हणजे सेकंदाला सरासरी २,३०० किलोमीटरहून जास्त वेगाने आला.

आता यातला एकच प्रोटॉन घ्या आणि त्याला चुंबकीय क्षेत्रात सोडा. सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे, म्हणून जरा थांबतो.

चुंबकीय क्षेत्र धावत्या विद्युतभारित कणाला मागे ढकलत नाही आणि पुढेही ओढत नाही. ते त्याला नेहमी बाजूला ओढतं, कणाच्या चालीला काटकोनात. गोफण आठवा. दगड गरगर फिरत असतो, दोरी त्याला सतत हाताकडे ओढत असते, पण दगडाची धाव त्या ओढीच्या काटकोनात असल्यामुळे दोरीच्या ओढीने दगडाचा वेग वाढत नाही आणि घटतही नाही. फक्त त्याची वाट वाकत राहते. चुंबकीय क्षेत्र ही अशीच न दिसणारी दोरी आहे. म्हणून क्षेत्रात सापडलेला कण गिरक्या घेऊ लागतो. धन भाराचा प्रोटॉन एका दिशेने, ऋण भाराचा इलेक्ट्रॉन उलट दिशेने. क्षेत्र जितकं बळकट, तितकी गिरकी लहान.

आकडे घातले की हे डोळ्यांपुढे येतं. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यातही ५ नॅनोटेस्लाच्या घरातलं अगदी दुबळं क्षेत्र असतं. सेकंदाला ४०० किलोमीटरने धावणाऱ्या प्रोटॉनच्या गिरकीची त्रिज्या तिथे ८०० किलोमीटरच्या वर जाते. पृथ्वीच्या क्षेत्राच्या सीमेवर, जिथे क्षेत्र पन्नासेक नॅनोटेस्ला असतं, ती ८० किलोमीटरवर येते. आणि जमिनीलगतच्या क्षेत्रात तोच प्रोटॉन दीडशे मीटरच्या आत फिरेल.

ही सीमा सूर्याच्या बाजूला पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण १० पृथ्वीत्रिज्यांवर, म्हणजे ६४ हजार किलोमीटरांवर असते. त्या अंतराच्या मानाने ८० किलोमीटर म्हणजे काहीच नाही. वाऱ्यातला प्रोटॉन सीमेच्या आत पाऊल टाकतो, अर्धी गिरकी पुरी करतो आणि आल्या वाटेने बाहेर पडतो. भिंतीवर आपटल्यासारखं दिसतं, पण तिथे भिंत नसते, एक तीव्र वळण असतं. इलेक्ट्रॉन उलट बाजूला वळतात. धन एकीकडे आणि ऋण दुसरीकडे सरकले की विद्युतप्रवाह तयार होतो. म्हणजे सीमा स्वतःच एक प्रवाहाची चादर बनते, आणि त्या प्रवाहाचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राला बाहेरच्या बाजूने पुसून टाकतं, आतल्या बाजूने आणखी बळकट करतं. सिडनी चॅपमन आणि व्हिन्सेंट फेरारो यांनी १९३० च्या सुमारास, एकही उपग्रह नसताना, ही कल्पना कागदावर मांडली होती. मला हे आजही थक्क करणारं वाटतं.

वाऱ्याच्या दाबाने पृथ्वीचं क्षेत्र सूर्याच्या बाजूला दबलेलं असतं आणि मागच्या बाजूला लांबच लांब शेपटीसारखं ओढलं जातं. ही शेपटी चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे जाते. दर पौर्णिमेच्या आसपास चंद्र काही दिवस या शेपटीतून जातो. कोजागिरीला दुधात ज्याचं प्रतिबिंब आपण बघतो, तो चंद्र त्या रात्री पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात असतो.

मग कण आत येतात कसे? ध्रुवांपाशी बलरेषा, म्हणजे क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा, खाली उतरतात, तिथे नरसाळ्यासारख्या दोन जागा आहेत, आणि थोडे कण तिथून खरोखरच थेट उतरतात. पण तो मुख्य रस्ता असता तर ध्रुवीय प्रकाश सूर्यासमोरच्या बाजूला, दुपारच्या बाजूला सगळ्यात तेजस्वी असायला हवा होता. उपग्रहांनी वरून अतिनील प्रकाशात काढलेली चित्रं उलटं सांगतात. प्रकाशाचं कडं चुंबकीय ध्रुवाभोवती असतं, नेमकं ध्रुवावर नसतं, आणि ते सगळ्यात जास्त उजळतं मध्यरात्रीच्या बाजूला. सूर्यापासून आलेली ऊर्जा सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूने आत येते. पाहुणा पुढच्या दाराशी आला खरा, पण घरात शिरला परसदारातून.

याचं कारण वाऱ्यातलं ते दुबळं क्षेत्र. वारा सूर्याचं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन येतो, आणि त्याची दिशा सारखी बदलत असते. विषुववृत्ताच्या वर पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे असतं. वाऱ्यातलं क्षेत्रही उत्तरेकडे असेल तर दोघं समांतर राहतात आणि वारा बराचसा बाजूने निघून जातो. ते दक्षिणेकडे असेल तर दोन विरुद्ध क्षेत्रं समोरासमोर येऊन एकमेकांना रद्द करतात, आणि पृथ्वीच्या बलरेषा तुटून सूर्याकडच्या बलरेषांना जोडल्या जातात. १९६१ मध्ये जेम्स डंजी यांनी हे मांडलं. बलरेषा म्हणजे काही खरे धागे नव्हेत, क्षेत्राची दिशा दाखवायची ती एक सोय आहे. पण इथे धाग्यांची कल्पना चांगली उपयोगी पडते. जोडलेल्या रेषा वारा फरफटत मागे नेतो, शेपटीत थर साचत जातात, शेपटी ताणली जाते. गलोलीचा रबर ताणावा तशी. ताण हाताबाहेर गेला की शेपटीच्या मधोमध रेषा पुन्हा एकमेकींना जोडल्या जातात आणि रबर सुटतो. शेपटीतले कण दोन्हीकडे भिरकावले जातात, काही अवकाशात आणि काही सरळ पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूवर.

म्हणून वादळ किती मोठं होणार हे केवळ स्फोट किती मोठा होता यावर ठरत नाही. ढगातलं क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, यावर फार काही अवलंबून असतं.

पृथ्वीकडे भिरकावलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी काही बलरेषांवरून खाली येतात. काही हजार किलोमीटर उंचीवरची विद्युतक्षेत्रं त्यांना आणखी वेग देतात आणि ते शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या हवेत घुसतात. ऑक्सिजनच्या अणूंना धक्का बसतो, ते हिरवा प्रकाश सोडतात. २०० किलोमीटरच्या वर तेच अणू लाल प्रकाश देतात. लाल प्रकाश सोडायला अणूला जवळपास दोन मिनिटं लागतात. खाली, दाट हवेत, तेवढ्या वेळात तो दुसऱ्या कुणावर तरी आदळून ऊर्जा गमावून बसतो, म्हणून लाल रंग वरच दिसतो. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजालगत लालसर उजेड टिपला, हिरवा नाही, तो याचमुळे: एवढ्या दक्षिणेकडून फक्त सगळ्यात उंचावरचा भाग दिसतो.

पण कुलाब्याच्या सुईचं उत्तर या खाली पडलेल्या कणांत नाही. ते आहे जे पडले नाहीत, अडकले, त्यांच्यात.

शेपटीतून आलेला कण पृथ्वीच्या जवळ पोचला की एकाच वेळी तीन चाली चालू लागतो. मी त्यांना गिरकी, हेलपाटा आणि प्रदक्षिणा म्हणतो.

गिरकी आपण पाहिली. कणाला बलरेषेच्या आडवं सहजासहजी सरकता येत नाही, पण बलरेषेच्या दिशेने पुढे जायला आडकाठी नसते. म्हणून गिरक्या घेत घेत तो बलरेषेवरून पुढे जातो, पेनातल्या स्प्रिंगसारखी वाट काढत.

पृथ्वीची बलरेषा कमानीसारखी असते. दक्षिणेकडे जमिनीतून निघते, विषुववृत्तावर खूप उंच जाते आणि उत्तरेकडे पुन्हा जमिनीत शिरते. कमानीच्या दोन्ही टोकांना रेषा दाट होतात, क्षेत्र बळकट होतं. कण टोकाकडे जाऊ लागला की गिरकी लहान आणि वेगवान होते. आता हिशेब करा. चुंबकीय क्षेत्र एकूण वेग बदलू शकत नाही, ही गोफणीची गोष्ट आपण मान्य केली आहे. वेगाची पुंजी ठरलेली आहे. गिरकीच्या खात्यात जास्त गेलं तर पुढे जाण्याच्या खात्यात कमी उरणार. एक जागा अशी येते की पुढे जाण्याचं खातं रिकामं होतं. कण तिथे क्षणभर पुढे जायचा थांबतो, फक्त फिरतो, आणि दाट रेषांकडून विरळ रेषांकडे मागे ढकलला जातो. दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. उत्तर ते दक्षिण, दक्षिण ते उत्तर. हाच हेलपाटा. ज्यांचा वेग बहुतेक सगळा बलरेषेच्या दिशेने असतो ते वळण्याआधीच हवेत पोचतात आणि सुटतात. बाकीचे अडकून राहतात.

तिसरी चाल सगळ्यात संथ आणि सगळ्यात महत्त्वाची. गिरकीचं जे अंग पृथ्वीकडे असतं तिथे क्षेत्र थोडं बळकट, बाहेरच्या अंगाला थोडं दुबळं. म्हणून आतलं वळण घट्ट होतं आणि बाहेरचं सैल. अशी गिरकी बंद होत नाही. प्रत्येक फेरीत कण थोडा बाजूला सरकतो, आणि असा सरकत सरकत पृथ्वीभोवती फिरू लागतो. प्रोटॉन पश्चिमेकडे जातात. उत्तर ध्रुवावरून खाली पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे आपण देवळात घालतो तशी खरीखुरी प्रदक्षिणा. इलेक्ट्रॉन उलट, पूर्वेकडे.

असे अडकलेले कण पृथ्वीभोवती दोन पट्ट्यांत असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. बाहेरच्या पट्ट्यात, पृथ्वीच्या केंद्रापासून ५ त्रिज्यांवर, दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचा इलेक्ट्रॉन घेतला तर तो सेकंदाला दोनेक हजार गिरक्या घेतो, सेकंदाला दोन-तीन वेळा उत्तर-दक्षिण हेलपाटे घालतो आणि पाव तासाच्या आत पृथ्वीची एक प्रदक्षिणा पुरी करतो. असे अडकलेले कण आहेत हे १९५८ मध्ये कळलं, अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहावर जेम्स व्हॅन ॲलन यांनी कणमापक बसवला तेव्हा. काही उंचीवर मापक गप्प व्हायचा. तिथे कण नाहीत असं वाटावं, पण खरं कारण उलट निघालं. कण इतके होते की मापकाला मोजायला उसंतच मिळत नव्हती. एक खुलासा इथेच करतो: आतल्या पट्ट्यातले अतिऊर्जेचे प्रोटॉन मुख्यतः सूर्याचे नाहीत. दूरच्या विश्वकिरणांनी आपल्या हवेवर आदळून जे न्यूट्रॉन उडवले, त्यांच्यापासून ते झाले आहेत.

आता सुईकडे. धन भार पश्चिमेकडे सरकतो, ऋण भार पूर्वेकडे. विजेच्या भाषेत या दोन्हींचा अर्थ एकच, पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह. वादळात शेपटीतून कणांचा लोंढा येतो आणि पृथ्वीभोवती, काही त्रिज्यांच्या अंतरावर, लाखो अँपिअरचं एक कडं तयार होतं. प्रवाहाच्या कड्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. पश्चिमेकडे वाहणाऱ्या या कड्याचं क्षेत्र आतल्या बाजूला दक्षिणेकडे असतं, म्हणजे मुंबईत सुईला उत्तरेकडे धरून ठेवणाऱ्या ओढीच्या बरोबर विरुद्ध. ओढ कुठे गेली नव्हती. तिच्यातून कड्याच्या ओढीची वजाबाकी झाली होती.

आणि या कड्यात फक्त सूर्याचे कण नसतात. मोठ्या वादळात आपल्याच वरच्या वातावरणातले ऑक्सिजनचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, तापून वर उचलले जातात, शेपटीत जातात आणि परत पृथ्वीकडे भिरकावले जातात. प्रोटॉनपेक्षा ते सोळापट जड असल्यामुळे कड्यातल्या ऊर्जेत त्यांचा वाटा मोठा होतो. सूर्याच्या वादळात आपली हवाच आपल्याभोवती फिरत असते, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं.

कुलाब्याची नोंद इतकी मोलाची का, तर तिच्या जागेमुळे. युरोपात ध्रुवीय प्रकाशाबरोबर वाहणारे प्रवाह डोक्यावर आले होते आणि तिथल्या अनेक यंत्रांच्या नोंदी कागदाबाहेर गेल्या. मुंबई त्या प्रवाहांपासून दूर. शिवाय विषुववृत्तावर दिवसा वाहणारा जो वेगळा प्रवाह तिरुवनंतपुरमच्या बाजूला जोरात जाणवतो, त्याच्याही कक्षेबाहेर. तुलनेसाठी सांगतो, १९८९ च्या मार्च महिन्यात या कड्याचं जगभरातल्या वेधशाळांवरून काढलेलं माप सुमारे ५९० नॅनोटेस्लाने खाली गेलं होतं, आणि मे २०२४ मध्ये ४०० च्या घरात. कुलाब्याचा आकडा एकाच ठिकाणचा आणि काही क्षणांचा आहे, त्यामुळे दोन्ही मापं तंतोतंत जुळवता येत नाहीत. कुलाब्याचं क्षेत्र ज्या झपाट्याने सावरलं, त्यावरून ती सगळी घसरण कड्याचीच होती की आणखी काही प्रवाह जवळ आले होते, यावर अभ्यासकांत आजही वाद चालतो.

क्षेत्र असं झपाट्याने बदलतं तेव्हा जमिनीवरच्या लांब तारांमध्ये वीज निर्माण होते. १८५९ मध्ये अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि निव्वळ या विजेवर एकमेकांना संदेश पाठवले. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेक प्रांताचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं आणि ६० लाख माणसं सुमारे नऊ तास अंधारात राहिली.

भारताचं आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर, सूर्याच्या दिशेला आहे. त्यावरची उपकरणं वाऱ्यातले कण मोजतात, आणि एक लांब दांडा आहे ज्यावर चुंबकमापक बसवले आहेत. वाऱ्यातलं क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे ते सांगतात. नेहमीच्या वेगाचा वारा तिथून पृथ्वीपर्यंत यायला तासभर घेतो. १८५९ सारखा ढग आला तर हाताशी दहा-बारा मिनिटंच असतील.

कुलाब्याचे चुंबक आता तिथे नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार हे ठरलं, आणि त्यांच्या रुळांतल्या प्रवाहाने सुया नाचल्या असत्या. वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला जागा निवडली. चुंबकाला ढवळणार नाही अशा सामग्रीची इमारत उभी राहिली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. आज ती वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. दक्षिणमुखी क्षेत्राचा ढग आदित्यला ओलांडून आला की त्यानंतर अलिबागच्या आलेखावरची रेषा खाली जाऊ लागते, आणि प्रदक्षिणा घालणारे कण हळूहळू हवेत विरून जाईपर्यंत, पुढचे काही दिवस, ती सावकाश वर येत राहते.